वेदनेचे दार
(बी. ए. द्वितीय वर्ष)

आमच्या ढोकीच्या घरी विंचू दोनदा चावला. पहिल्यांदा माझ्या आईला, मी आठवीत असताना. दुसऱ्यांदा माझ्या चुलत्याच्या धाकट्या मुलाला, मी अकरावीत असताना. या दोन्ही वेळी आम्ही घरची माणसे जे समजलो ते चूक होते. चूक नेमकी कोठे झाली हे शोधता शोधता मी अशा एका विषयात शिरले, की ज्याचा कलाशाखेच्या विद्यार्थिनीशी वरवर पाहता काही संबंध नाही. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. त्यामुळे "तू कालेजात जातीस नव्हं, मग सांग की" हे वाक्य मला उठता-बसता ऐकावे लागते. हा लेख म्हणजे आजीच्या अशाच एका प्रश्नाला द्यावयाचे उत्तर आहे. शास्त्र जाणणाऱ्या वाचकांनी चूकभूल पदरात घ्यावी.

आईची हकीकत आधी सांगते. दिवेलागणीची वेळ होती. चुलीसाठी तिने गोवऱ्यांच्या ढिगात हात घातला आणि जी किंकाळी फोडली ती गल्लीच्या टोकापर्यंत गेली. बोटावर पाहावे तर सुई टोचल्याएवढाही डाग नाही. पण आई अंगणात गडाबडा लोळत होती. कळ बोटातून कोपरात, कोपरातून काखेत चढत होती. आजीने चिंचोका दगडावर घासून डंखावर चिकटवला, कोणी कांदा चोळला, कोणी दंडाला दोरी करकचून बांधली. विंचू उतरवणाऱ्या एका गृहस्थांना बोलावणे गेले. त्यांनी मंत्र टाकला. पहाटेपर्यंत कळ ओसरली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आई खुरपायला गेली. त्या गृहस्थांना नारळ मिळाला.

दुसरा प्रसंग वैशाखातला. सगळे अंगणात वाकळा टाकून निजलेले. सहा वर्षांचे पोर रात्री एकदम उठून रडू लागले. पायाच्या बोटाला डंख होता आणि वाकळेखाली बारीकसा तांबडा विंचू सापडला. तोच चिंचोका, तोच कांदा, तोच मंत्र. थोड्या वेळाने पोराचे रडणे थांबले. आजी म्हणाली, "उतरला इच्चू." आम्ही सगळे निर्धास्त झालो. त्याचा सदरा घामाने ओला झाला होता, ते आम्ही उकाड्यावर घातले. दोन उलट्या झाल्या, त्या कांद्याच्या वासावर घातल्या. आमच्याच गल्लीत राहणाऱ्या आशाताई आवाज ऐकून आल्या, त्यांनी पोराच्या तळहाताला नि तळपायाला हात लावला आणि म्हणाल्या, "ह्याचे हातपाय बर्फासारखे झालेत. कशाची वाट बघताय?" त्यांनीच १०८ ची गाडी बोलावली. पोर तीन दिवस दवाखान्यात होते. पहिली रात्र अशी गेली की चुलतीकडे पाहवत नव्हते. दुसऱ्या दिवशी दुपारी ते बोट धरून पुन्हा रडू लागले, "लई दुखतंय" म्हणू लागले. आम्ही घाबरलो, डॉक्टर मात्र हसले. म्हणाले, "रडू द्या. रडण्याइतकं बळ आलंय."

घरी आल्यावर आजीने मला विचारले, "तुझ्या मायला एवढं दुखलं, तिला काय बी झालं न्हाई. ह्या लेकराचं रडणं थांबलं, आन् तेच मरता मरता वाचलं. मग दुखणं म्हंजी हाय तरी काय गं?"

या प्रश्नाच्या उत्तराचा पहिला धागा आजीच्याच हातात होता. वर्षाचे काळे तिखट कांडून झाले की तिच्या हातांची रात्रभर आग होते. हात विस्तवात घातल्यासारखे वाटतात. पण त्याच हाताला दुसऱ्याने हात लावला तर तो गार लागतो. पोळलेले नाही, फोड नाही, तरी जळते. मग हे जळणे आहे कोठे? मिरचीत तर विस्तव नाही.

हा प्रश्न पोरखेळ वाटेल, परंतु याच प्रश्नाचा पाठपुरावा करून अमेरिकेतील कॅलिफोर्नियाचे शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ साली वेदनेचे पहिले दार शोधून काढले. 'दार' हा शब्द मी अलंकार म्हणून वापरलेला नाही. आपल्या त्वचेत मज्जातंतूंची बारीक बारीक मोकळी टोके पसरलेली असतात. बोटातून निघालेला असा एक तंतू पाठीच्या कण्यापर्यंत जातो आणि तो सबंध तंतू एकाच पेशीचा भाग असतो. हाताएवढी लांब पेशी! या पेशीभोवती स्निग्ध पदार्थाचे पातळ आवरण असते. ज्या सोडियमपासून आपले जेवणातले मीठ बनते, तो सोडियम विद्युतभारित कणांच्या रूपाने पेशीच्या बाहेर भरपूर आणि आत फार थोडा असतो. बाहेरच्या कणांना आत यावयाचे असते, पण आवरण त्यांना येऊ देत नाही. या आवरणात जागोजागी प्रथिनांचे रेणू आरपार बसवलेले असतात आणि त्यांच्या मध्यभागी उघडझाप होणारे छिद्र असते. ते दार उघडले की कण आत घुसतात. विद्युतभार आत शिरला, की वेदनेच्या वर्दीची सुरुवात झाली.

ज्युलियस यांनी हे दार कसे शोधले ते वाचून मला आमच्या गावच्या लाइनमनची आठवण झाली. वीज गेली तर तो प्रत्येक घरी जात नाही. आधी अर्धे गाव तोडून पाहतो, मग त्यातला अर्धा भाग, असे करीत करीत नेमक्या बिघडलेल्या तारेपाशी येतो. ज्युलियस यांच्या सहकाऱ्यांनी वेदना जाणणाऱ्या मज्जापेशींतील प्रथिने बनविण्याच्या आज्ञा (म्हणजे जनुकांच्या प्रती) हजारोंच्या गठ्ठ्यांनी वेगळ्या केल्या आणि मिरचीचे ज्यांना काहीच वाटत नाही अशा दुसऱ्याच पेशींत त्या घातल्या. मग वरून मिरचीतले तिखट द्रव्य सोडले. त्याला कॅप्सेसिन म्हणतात. ज्या गठ्ठ्यातल्या पेशींनी दाद दिली तो गठ्ठा पुन्हा विभागला, पुन्हा तिखट सोडले, आणि असे करीत शेवटी एकच जनुक हाती उरले. त्या जनुकाने बनणाऱ्या प्रथिनाला आज टी.आर.पी.व्ही.१ असे नाव आहे.

खरी गंमत पुढे आहे. हे दार मिरचीसाठी घडलेलेच नाही. सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या पुढे तापले की ते आपोआप उघडते. अंगाला पोळू लागते ते साधारण याच अंशांवर. मिरचीचा रेणू या दारात किल्लीसारखा बसतो आणि ऊन नसतानाच दार उघडतो. आत वर्दी जाते, "विस्तव!" मेंदूने तरी दुसरे काय समजावे? त्याला दारापर्यंत जाऊन पाहता येत नाही. म्हणजे आजीचे हात जळत नव्हते, फक्त जळल्याची बातमी खोटी होती. पण बातमीची कळ मात्र खरी होती. पक्ष्यांचे हेच दार थोडे निराळे असल्यामुळे त्यात ही किल्ली बसत नाही. म्हणूनच पोपट मिरच्या आनंदाने खातो. कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळते, हेही येथेच सांगून ठेवते. आजी तिखट कांडल्यावर हाताला आधी गोडे तेल चोळते आणि मग धुते. तिने यासाठी कोणतेही पुस्तक वाचलेले नाही.

पुढे २००२ मध्ये गारव्याचे दार सापडले. पुदिन्याच्या अर्काने तेही फसते, म्हणून बाम लावल्यावर थंड वाटते. २०१० मध्ये आर्डेम पॅटापूटियन यांच्या गटाने दाबाने उघडणारी दारे शोधली. बैरूतमध्ये जन्मून तरुणपणी अमेरिकेत आलेला हा आर्मेनियन वंशाचा संशोधक. त्याला आणि ज्युलियस यांना मिळून २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

दारांची आणखी एक खोड आपल्या रोजच्या अनुभवातली आहे. उन्हाने रापलेल्या पाठीवर साधे कोमट पाणी घेतले तरी चटका बसतो. पाणी ४३ अंशांचे नसते, मग? त्वचेला इजा झाली की तेथील पेशी प्रोस्टाग्लँडिनसारखी द्रव्ये सोडतात आणि ती दाराची कडी सैल करून ठेवतात. मग थोड्याशा उष्णतेनेही दार उघडते. ॲस्पिरिनची गोळी ही द्रव्ये तयारच होऊ देत नाही, हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवून दिले.

आता दारातून आत आलेली वर्दी कण्यापर्यंत पोचते कशी ते पाहू. कारण विंचवाची करामत येथे आहे. वाचकांनी कधी अनवाणी चालताना दगडाची ठेच खाल्ली असेल तर आठवून पाहावे. आधी एक लख्ख कळ येते, आणि क्षणभराने मागाहून ठणका येतो. कळ आणि ठणका वेगवेगळ्या तंतूंतून येतात. कळ आणणाऱ्या तंतूंचा वेग सेकंदाला ५ ते ३० मीटर असतो. ठणका आणणारे तंतू बारीक व आवरणहीन असून त्यांचा वेग सेकंदाला एक मीटरच्या आसपास असतो. आपण चालतो त्याहूनही हा वेग थोडा कमीच.

तारेतून वीज जावी तशी ही वर्दी सरळ जात नाही. तंतूच्या सबंध लांबीवर सोडियमची दारे आहेत. पहिले उघडले की त्याच्या धक्क्याने शेजारचे उघडते, त्याच्याने पुढचे. तर मग ती एकदा उघडली की उघडीच का राहत नाहीत? याचे कारण असे की, या दाराला आतून स्वतःचा एक बुच आहे. दार उघडल्यावर सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास हा बुच येऊन छिद्रात बसतो आणि प्रवाह थांबतो. तंतू पुन्हा शांत होतो व नव्या वर्दीसाठी सिद्ध राहतो. माझ्या समजुतीप्रमाणे वेदनेच्या साऱ्या व्यवस्थेतला हा बुच सर्वांत मोलाचा भाग आहे.

तांबड्या विंचवाच्या विषात साठ-सत्तर दुव्यांच्या साखळीची छोटी प्रथिने असतात. ती सोडियमच्या दाराला बाहेरून चिकटतात आणि बुच वेळेवर बसू देत नाहीत. दार उघडे राहते, तंतू एका वर्दीऐवजी वर्द्यांचा भडिमार करीत सुटतो. आईच्या बोटाला इजा म्हणावी तर सुईच्या टोकाएवढी. पण तिच्या मेंदूला कळत होते ते इजेचे माप नव्हे, तर तंतूवरून येणाऱ्या वर्द्यांची संख्या. आईची कळ खोटी होती असे मी म्हणणार नाही. ती पुरेपूर खरी होती. फक्त ती जखमेच्या मापाची नव्हती.

आजीच्या प्रश्नाचा अर्धा भाग येथे सुटला. उरलेला अर्धा भाग सुटण्यासाठी कोकणात जावे लागते. पण ज्यांच्याकडे जायचे ते गृहस्थ मूळचे आपल्या मराठवाड्याचेच आहेत. डॉ. हिंमतराव बावस्कर यांचा जन्म जालना जिल्ह्यातील देहेड या खेड्यात गरीब शेतकऱ्याच्या घरी झाला. १९७६ पासून ते महाडजवळच्या बिरवाडी येथील सरकारी आरोग्य केंद्रात काम करू लागले. कोकणात तांबड्या विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसे आणि विशेषतः मुले मरत. त्या काळी गंभीर रुग्णांपैकी ३० ते ४० टक्के दगावत आणि विंचवाने मेला म्हणजे दैव, एवढेच लोक समजत. बावस्कर रुग्णांच्या उशाशी रात्र रात्र बसून नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांचा गारवा यांच्या नोंदी ठेवीत. त्यांना आढळले की मृत्यू वेदनेने येत नाही. तो हृदयामार्फत येतो.

याचे कारण सोडियमची दारे फक्त वेदनेच्या तंतूंवर नसतात, सर्वच मज्जातंतूंवर असतात. विष रक्तात मिसळून हृदय व रक्तवाहिन्यांना हुकूम देणाऱ्या तंतूंपर्यंत पोचले, की त्यांचेही बुच निकामी होतात. अंगात ॲड्रेनॅलिनच्या जातीच्या द्रव्यांचा पूर येतो. रक्तवाहिन्या आवळल्या जातात. म्हणून हातपाय गार. घाम सुटतो, उलट्या होतात. आवळलेल्या नळ्यांतून रक्त ढकलता ढकलता हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी साठते. ही लक्षणे बावस्करांनी १९८२ साली इंग्लंडच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात मांडली. रक्तवाहिन्या सैल करणारी प्राझोसिन नावाची गोळी त्यांनी या रुग्णांना देऊन पाहिली आणि १९८६ मध्ये तिची हकीकतही त्याच साप्ताहिकात छापून आली. पुढे मृत्यूचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले. विंचवाच्या विषावरची लस मुंबईच्या हाफकिनमध्ये तयार होते. ती आणि ही गोळी एकत्र दिली तर रुग्ण अधिक लवकर सावरतो, हे बावस्कर पतिपत्नींनी २०११ मध्ये प्रसिद्ध केले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्यासारख्याच खेड्यातल्या पोराने खेड्यातल्याच दवाखान्यात बसून हे केले, याचा मला प्रयोगशाळांतल्या शोधांपेक्षा काकणभर जास्तच अभिमान वाटतो.

बावस्करांनी दंशाच्या रुग्णांच्या पायऱ्या पाडल्या आहेत. त्यांतली पहिली, म्हणजे सर्वांत सौम्य पायरी कोणती? डंखाच्या जागी असह्य कळ, आणि बाकी काही नाही. माझी आई याच पायरीवर होती. ती मंत्राशिवायही पहाटेपर्यंत बरी झाली असती. नारळाचे मी काही बोलत नाही, पण श्रेय चुकीच्या माणसाला गेले आणि त्या श्रेयाची किंमत पुढे पोराला मोजावी लागली असती. आईला मंत्राने गुण आला या भरवशावरच तर आम्ही त्याच्या उशाशी तासभर बसून राहिलो. पोराचे रडणे थांबले ते विष उतरले म्हणून नव्हे, तर अंगात रडण्याचे त्राण उरले नव्हते म्हणून. विंचवाला समोर मोठा माणूस आहे की लहान पोर हे कळत नाही. तेवढेच विष लहान अंगात गेले की जास्त पसरते. दिसायला भयंकर अशी मोठी काळी इंगळी या तांबड्या विंचवापेक्षा बरीच सौम्य, हेही मला पुस्तकातून कळले. आम्ही घाबरत आलो ते इंगळीलाच!

येथे कोणी म्हणेल की कळ एवढी बेभरवशाची, तर ती नसलेलीच बरी. तसे नाही. २००६ साली उत्तर पाकिस्तानातील तीन कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतील सहा मुलांना जन्मापासून वेदना ठाऊक नव्हती. स्पर्श कळे, ऊन-गार कळे, दुखत मात्र नसे. वेदनेच्या तंतूंवर सोडियमच्या दारांचे काही खास प्रकार असतात. त्यांतला एक प्रकार या मुलांत जन्मतःच निकामी होता. ज्या मुलामुळे हा शोध सुरू झाला तो रस्त्यावर खेळ करून दाखवी. हातातून सुरी आरपार घाली, निखाऱ्यांवर चाले. चौदावा वाढदिवस येण्यापूर्वीच छपरावरून उडी मारून तो मरण पावला. कुष्ठरोगातही असेच घडते. त्या रोगाचे जंतू त्वचेतले मज्जातंतू निकामी करतात. बोटे झडतात ती मुख्यतः रोगाने नव्हे, तर न कळलेल्या चटक्यांनी आणि न जाणवलेल्या जखमांनी. बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये वरोऱ्याजवळ आनंदवन उभारले, तेथे आलेल्या माणसांच्या हातापायांची जी दशा असे तिच्यामागे वेदनेचे हे बंद पडलेले दारच होते. साखरेचा आजार जुना झालेल्यांच्या पायातही दार असेच हळूहळू बंद होत जाते. माझ्या वडिलांना तो आजार आहे. ते रानातून आले की मी त्यांचे तळपाय पाहते. आधी लाजत, आता स्वतःच पाय पुढे करतात.

निसर्गाने एका प्राण्याला मात्र विंचवापुरती सवलत दिली आहे. अमेरिकेतील ॲरिझोनाच्या वाळवंटातला एक उंदीर विंचू मारून खातो. डंख बसला तर क्षणभर पंजा चाटतो आणि पुन्हा तुटून पडतो. त्याच्या वेदनातंतूंवरील सोडियमचे एक दार असे बदललेले आहे की विंचवाचे विष त्याला उघडत नाही, उलट बंदच करते. हे २०१३ साली उघडकीस आले. माणसातल्या त्याच जातीच्या दाराला बंद करणारी एक नवी गोळी अमेरिकेत जानेवारी २०२५ मध्ये मान्य झाली. ती अफूच्या कुळातली नाही, म्हणून तिचे तिकडे कौतुक चालले आहे.

एवढे सगळे मी आजीला एकदम सांगितले नाही. मिरचीचे सांगितले, ते तिला ताबडतोब पटले. बुचाचे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "म्हंजी बोंब मारायला लावणारा इच्चू चांगला म्हण की." मी म्हटले, "चांगला नव्हं आजी, पर घाम आन् गार हातपाय आणणारा वाईट."

मागच्या पावसाळ्यात शेजारच्या काकूंना कडब्याची पेंढी उचलताना विंचू चावला. आजी नेहमीप्रमाणे चिंचोका घेऊन निघाली, पण उंबऱ्यातूनच तिने मला हाक मारली, "आधी हातपाय बघ गं तिचं. घाम हाय का? उलटी झाली का?" मी काकूंचे तळहात चाचपले, ते कोरडे आणि चांगले ऊन होते. काकू आभाळ डोक्यावर घेऊन ओरडत होत्या. तरी आम्ही त्यांना दवाखान्यात नेलेच. तेथे बोटाजवळ बधिर करण्याची सुई दिली. सोडियमची दारे थोडा वेळ बंद करणारे औषध ते. काकू शांत झाल्या आणि रात्री आजीला विचारू लागल्या, की चिंचोका लावला होता कोणत्या दगडावर घासून?